पंपाची उजवी बाजू

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या घरामागच्या पोहण्याच्या तलावाचा पंप आधी घरघरला, मग किंचाळला आणि शेवटी एक लांब सुस्कारा टाकून गप्प झाला. डॉक्टर खरं तर दातांचे, पण एवढं निदान त्यांनाही जमलं.

"गेला," ते म्हणाले.

"कोण गेलं?" आतून आईने दचकून विचारलं.

"पंप गेला, आई."

हे ऐकून आई जी मटकन खुर्चीत बसली, ती एखादं माणूस गेल्याचं कळल्यावरही बसली नसती. त्याला कारण होतं. एकाहत्तर वर्षांच्या आईला दोन मैत्रिणी होत्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका. तिने पासष्टीनंतर डोंगर चढायला सुरुवात केली होती आणि प्रत्येक शिखरावरून ती आईला फोटो पाठवायची. दुसरी निवृत्त नर्स. ती व्हायोलिन शिकत होती आणि आईला फोनवर ऐकवायची. हे सगळं मुकाट्याने सोसता सोसता आठ महिन्यांपूर्वी एके दिवशी आई फोनवर म्हणून गेली होती, "मी पोहायला लागलेय." तेव्हापासून घरातली सगळी कामाला गेली की ती पोहण्याचा पोशाख चढवून तलावात उतरायची. येत्या रविवारी दुपारी चारला दोघी मैत्रिणी मुद्दाम येणार होत्या. आई तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत जाणार, आणि त्या बघणार, असं ठरलं होतं.

"पंप नाही म्हणजे पाणी हिरवं होणार," आई म्हणाली. "मग त्या म्हणतील, हिला येतच नव्हतं, म्हणून बहाणा केला. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

डॉक्टरांनी लगेच मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, मंगळवारी बघतो. डॉक्टरांनी त्याला रविवारचं महत्त्व समजावून सांगितलं. सगळं नीट ऐकून घेऊन तो म्हणाला, बरं, मग मंगळवारी नक्की बघतो.

"दुसरा कोणी मिळतो का, मी शोधते," डॉक्टरांची बायको म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची.

"अगं, कशाला? दोन नळ्या काढायच्या, पंप बदलायचा, दोन नळ्या जोडायच्या. याच्यापेक्षा नाजूक कामं मी रोज करतो. तीही बोलत्या माणसाच्या तोंडात."

"तो कुठे बोलतो? तुम्ही बोलू देता का त्याला?"

पण डॉक्टरांच्या अंगात आता वारं शिरलं होतं. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी चार वाजता पाणी आरशासारखं असेल. तळाची फरशी मोजता येईल. माझा शब्द."

आईच्या चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसला नाही. ती काळजीत आहे असं डॉक्टरांना वाटलं आणि त्यांचा निश्चय आणखी पक्का झाला.

शनिवारी दुपारी ते दवाखान्यातून लवकर आले ते सगळा जामानिमा घेऊनच. कपाळाला बांधायचा दिवा, हातमोजे, दांडीचा छोटा आरसा, निळा एप्रन. पंप तलावाच्या काठाशी एका गुडघाभर खोल खड्ड्यात बसवलेला होता. डॉक्टर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले, दिवा लावला, आरसा आत घालून चहूबाजूंनी पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "घाबरायचं नाही. अजिबात दुखणार नाही."

पंपाला दोन तोंडं होती. एका तोंडाने तो तलावाच्या कोपऱ्यातल्या पेटीतून पाणी ओढायचा. त्या पेटीतल्या जाळीत पालापाचोळा अडकायचा. दुसऱ्या तोंडाने ते पाणी तो वाळूच्या टाकीत ढकलायचा, तिथे उरलीसुरली घाण गाळली जायची आणि स्वच्छ पाणी परत तलावात यायचं. नळ्या दोन्ही सारख्याच दिसायच्या. जोडताना घोळ होऊ नये म्हणून डॉक्टरांनी पांढऱ्या चिकटपट्ट्या काढल्या आणि सुवाच्य अक्षरात एका नळीवर 'उजवी' आणि दुसरीवर 'डावी' असं लिहिलं. आपल्या दूरदृष्टीवर ते फारच खूश झाले.

मग त्यांनी पहिली नळी पिळून सैल केली. नळी सुटली आणि आतून पाण्याचा असा लोट आला की डॉक्टरांचा चष्मा, दिवा आणि निश्चय एकदमच भिजला. त्यांनी दोन्ही तळवे नळीच्या तोंडावर दाबले आणि दवाखान्यातल्या सवयीने जिवाच्या आकांताने ओरडले, "सक्शन! सक्शन द्या!"

स्वयंपाकघरातून बायको धावत आली. "कोणाला ओरडताय? तुमची असिस्टंट काय इथे आहे?"

"कापूस! टॉवेल! काहीतरी दे!"

तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर एक डोकं उगवलं. ते लिफ्टवाल्यांचं होतं. लिफ्टवाले म्हणजे शेजारचे काका, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. चार महिन्यांपासून त्यांची दाढ ठणकत होती, दवाखान्यात तिची नोंदही झाली होती, आणि ती उपटतील या भीतीने डॉक्टर दिसले रे दिसले की ते घरात पळायचे. आज मात्र त्यांना राहवलं नाही.

"डॉक्टर, आधी वॉल्व्ह बंद करायचा असतो हो!"

"कुठला वॉल्व्ह?"

"तुम्ही टॉवेल टांगलाय ना, तो!"

वॉल्व्ह बंद झाला. तोवर तलाव वीतभर उतरला होता आणि खड्डा काठोकाठ भरला होता. खड्ड्यातलं पाणी बादल्यांनी उपसून परत तलावात टाकण्यात दीड तास गेला. मग जुना पंप निघाला. आता नवा आणायचा तर नळीचं माप हवं. साध्या माणसाने मोजपट्टी लावली असती. डॉक्टरांनी मात्र दवाखान्यातून आणलेला, दातांचे ठसे घ्यायचा गुलाबी लगदा मळला, नळीच्या तोंडात दाबला, तीन मिनिटं घड्याळाकडे पाहिलं आणि आट्यांसकट नळीचा सुरेख ठसा काढला. तो एका डबीत कापसावर ठेवून ते दुकानात गेले.

दुकानदाराने डबी उघडली आणि मान मागे घेतली. "हे काय आहे?"

"ठसा. याच मापाचा हवा."

दुकानदाराने ठसा उलटसुलट केला, खिशातली पट्टी लावली. "दोन इंची. साहेब, नुसतं 'दोन इंची' म्हणाला असता तरी दिला असता." मग जरा आदराने पुढे म्हणाला, "पण काम छान केलंय. बसवायला माणूस पाठवू का?"

"गरज नाही," डॉक्टर म्हणाले. इतकं कौतुक झाल्यावर माणूस मागणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

रविवारी सकाळी नाश्ता उरकून डॉक्टरांनी नवा पंप खोक्यातून काढला, छातीशी धरला आणि खड्ड्यात ठेवायला वाकले. पंप जागेवर बसला. डॉक्टर मात्र वाकले ते वाकलेच राहिले. कमरेत उसण भरली होती.

"अगं ए," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "इकडे ये जरा. घाई नाही, पण लवकर ये."

बायकोने आणि आईने मिळून त्यांना धरून धरून हिरवळीवर चटई टाकून उताणं निजवलं. आता डॉक्टरांना फक्त आकाश दिसत होतं. दुपारपर्यंत शेकूनही कंबर सरळ होईना, तेव्हा बायको भिंतीपाशी गेली आणि तिने लिफ्टवाल्यांना हाक मारली. लिफ्टवाले आले, पण गालावर हात ठेवूनच.

"मी जोडून देतो. पण एक अट. माझ्या दाढेबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

"अहो, नुसतं आ करून दाखवा तरी. मी इथे आडवाच आहे, काय करणार मी तुम्हाला?"

"डॉक्टर!"

"बरं, बरं. राहिलं."

लिफ्टवाले पान्हे घेऊन डॉक्टरांवर ओणवे झाले, कारण खड्ड्याकडे जायची वाट डॉक्टरांवरूनच होती. जाता जाता त्यांनी सूड उगवला. "घाबरू नका. दुखलं तर हात वर करा."

डॉक्टर आकाशाकडे बघत हुकूम सोडू लागले. "लेबलं लावून ठेवलीत मी. वाचायची आणि जोडायची. उजवी उजवीकडे, डावी डावीकडे. डोकं चालवायचं कामच ठेवलेलं नाही."

"उजवी म्हणजे कोणाची उजवी?" बायकोने विचारलं. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला दिशेचा असा मोघम उल्लेख खपत नाही.

"कोणाची म्हणजे? उजवी म्हणजे उजवी! जगात सगळीकडे उजवी एकच असते."

लिफ्टवाल्यांनी खड्ड्यात उतरून, पंपासमोर बसून, 'उजवी' लिहिलेली नळी उजव्या हाताच्या तोंडाला आणि 'डावी' लिहिलेली डाव्या हाताच्या तोंडाला गच्च आवळली. त्यांच्या कामात उणं काढायला जागाच नव्हती. वॉल्व्ह उघडला. एक थेंब गळला नाही. बायकोने घरात जाऊन बटण दाबलं आणि नवा पंप असा गोड गुणगुणायला लागला की डॉक्टरांनी पडल्या पडल्या टाळ्या वाजवल्या.

"ऐकलंस, आई? आरशासारखं पाणी!"

आई तलावाच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथल्या पेटीचं झाकण आधी थरथरलं, मग उडालं, आणि आतून कुजलेला पाला, चार मेलेले भुंगे आणि एक हरवलेला मोजा बाहेर उसळला. त्यामागून आलं ते काळंहिरवं पाणी. ते येतच राहिलं. वाळूच्या टाकीने वर्षभर मुकाट पोटात साठवलेली सगळी घाण उलटी फिरून तलावात येत होती.

"बंद करा!" लिफ्टवाले ओरडले.

"काय झालं? काय झालं?" डॉक्टर आकाशाला विचारू लागले.

बायको घरात धावली. दाराशी ओल्या फरशीवर तिचा पाय सटकला, ती सावरली, आत गेली आणि गडबडीत तिने आधी बैठकीतला पंखा बंद केला, मग बाहेरचा दिवा लावला आणि तिसऱ्या खेपेला पंप थांबवला. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. काल ज्या तलावाचा तळ दिसत होता, त्यात आता वीतभर बुडवलेला हातसुद्धा दिसेना.

लिफ्टवाल्यांनी नळ्यांवरची लेबलं पुन्हा वाचली. पंपाच्या अंगावर कोरलेले बाण पाहिले. मग सावकाश विचारलं, "डॉक्टर, ही नळी उजवी कशी? माझ्या तर डाव्या हाताला यायला हवी होती."

"उजवीच आहे ती. पंपाची उजवी." डॉक्टर म्हणाले. "तो माझ्याकडे तोंड करून बसला होता ना."

आणि बोलता बोलता डॉक्टरांनाच उमगलं. सत्तावीस वर्षं ते समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाचा नकाशा भरत आले होते, आणि त्या कागदावर उजवं म्हणजे पेशंटचं उजवं, डॉक्टरच्या डाव्या हाताला दिसणारं. हाताला ती सवय इतकी मुरली होती की त्यांनी पंपालाही खुर्चीत बसवला होता.

"एक विचारू?" लिफ्टवाल्यांचा हात नकळत गालावर गेला. "माझी दाढ डावी आहे. माझी डावी. तुमच्याकडे कागदावर काय लिहिलंय?"

"डावीच लिहिलंय!"

"कोणाची?"

या प्रश्नाला डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

नळ्या सरळ करायला लिफ्टवाल्यांना दहा मिनिटं लागली. पंप पुन्हा सुरू झाला आणि आता योग्य दिशेने पाणी ओढू लागला. पण एवढी घाण गाळून निघायला दोन दिवस तरी लागणार, हे लिफ्टवाल्यांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा वाजले होते सव्वातीन.

डॉक्टर भिंतीला धरून कसेबसे उभे राहिले, काटकोनात. आईने आठ महिने केलेली मेहनत त्यांनी एका दिवसात घाण पाण्यात घातली होती. मेकॅनिक मंगळवारी आला असता तर पाणी फार तर जरा हिरवट झालं असतं. आता जे झालं होतं त्यात बदकही उतरलं नसतं.

"आई, चुकलं माझं," ते म्हणाले. "मी दोघींना फोन करतो. सांगतो, सगळा दोष माझा. पुढच्या महिन्यात बोलावू."

आई काठाशी उभी राहून पाणी निरखत होती. "तळ दिसतो का रे?"

"नाही ना गं."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तिने वाकून पाण्यात हात बुडवला, बोटं हलवली. बोटं दिसली नाहीत. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळा दिसत होता. "फोन नको करू. दिला शब्द मी मोडत नाही. मी पोहणार."

"आई, अहो, अंगाला काही होईल," सून म्हणाली.

"आंघोळ करीन मग. आणि तो पंप आधी बंद कर."

"पण तो पाणी साफ करतोय!"

"त्याच्या आवाजाने माझं लक्ष जातं," असं म्हणून आई कपडे बदलायला आत गेली. डॉक्टरांनी एप्रनने डोळे पुसले. आपली आई एवढ्या जिद्दीची आहे, हे आपल्याला पन्नाशी उलटल्यावर कळावं याची त्यांना लाज वाटली.

चारच्या ठोक्याला मैत्रिणी आल्या. पाणी बघून नर्स दोन पावलं मागे सरकली.

"हे काय? डबकं आहे की तलाव?"

"माझ्या मुलाने पंप स्वतः बदलला," आईने अभिमानाने सांगितलं. "तळ दिसत नाही, आत काय आहे माहीत नाही, अशा पाण्यात पोहायला छाती लागते."

मुख्याध्यापिकेने मान्य केलं की डोंगरावर निदान पाय कुठे ठेवतो ते दिसतं. पहिला मुद्दा आईने तिथेच जिंकला. मग ती शिडीवरून उतरली, छातीपर्यंतच्या पाण्यात हनुवटी टेकेपर्यंत बसली आणि दोन्ही हात पुढून बाजूला, पुढून बाजूला मारत निघाली. चाल अगदी संथ होती. डोकं तसूभर खालीवर होत नव्हतं.

"काय तो डौल!" नर्स पुटपुटली. "श्वाससुद्धा लागलेला नाही."

"केस बघ, केस. एक बट ओली नाही," मुख्याध्यापिका म्हणाली.

काटकोनातले डॉक्टर कौतुकाने बघत होते. तलावाच्या बरोबर मध्यावर एक माशी आईच्या नाकावर येऊन बसली. आईने मान झटकली, माशी हलेना. मग आईने दोन्ही हात पाण्याबाहेर काढले, एका हाताने माशी हाकलली, दुसऱ्याने चष्मा वर सरकवला, आणि हे सगळं चाललेलं असताना ती त्याच वेगाने सरळ पुढे जात राहिली.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायको आकाशाकडे बघत होती.

पलीकडच्या काठाला आईचा हात लागला आणि दोघी मैत्रिणींनी टाळ्यांचा कडकडाट केला. भिंतीवरून लिफ्टवाल्यांनीही केला. चहा झाला, कौतुक झालं, आणि निघता निघता मुख्याध्यापिकेने आईचे दोन्ही हात हातात घेतले. "मी हरले बाई. डोंगर काय, कोणीही चढतं. आता मला तू शिकवायचंस. पुढच्या रविवारपासून येते."

"ये की," आई म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता.

मैत्रिणी गेल्यावर आई टॉवेल गुंडाळून काठावर पाय सोडून बसली. डॉक्टर तिच्याशेजारी हळूहळू, टप्प्याटप्प्याने बसले.

"आई, तू चालत होतीस."

"मग काय करू?" ती एकदम उसळली आणि लगेच विरघळली. "आठ महिने प्रयत्न केला रे. हात सगळे येतात मला. पाय उचलले की वाटतं, संपलं सगळं, आणि ते आपोआप खाली टेकतात. फोनवर एकदा बोलून बसले, मग परत घेता येईना. तू म्हणालास ना, तळाची फरशी मोजता येईल, तेव्हापासून मला झोप नाही. तुझे फार उपकार झाले बघ आज."

तलावाची वाट लावल्याबद्दल आभार मानले जातील असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं. त्यांना आईची माया आली आणि त्यांनी तिच्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

"आता ती येणार शिकायला," आई म्हणाली. "सात दिवस आहेत. तू शिकव मला. तुला येतं ना? रोज अंधार पडल्यावर एवढ्या फेऱ्या मारतोस."

बायको जवळपास नाही ना, ते डॉक्टरांनी आधी पाहिलं.

"आई," ते म्हणाले, "मीही चालतोच."

"तू पण?"

"अकरा वर्षं."

आईने तोंडावर टॉवेल धरला. तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरही हसायला लागले, पण प्रत्येक हसण्याबरोबर कमरेतून कळ येत होती, म्हणून ते एकदा हसत होते आणि एकदा विव्हळत होते. आवाज ऐकून बायको बाहेर आली.

"मला दोघांचंही माहीत होतं," ती कपबशा उचलत म्हणाली. घरात खरंखुरं पोहता येणारी ती एकटीच होती. "अर्धा तास पोहून आलेल्या माणसाचा भांग जागच्या जागी कसा राहतो? उद्या सकाळी सहाला या, आई. पाय मी धरून ठेवते. तुम्ही नुसते हात मारा. यांचं काय ते कंबर सरळ झाल्यावर बघू."

आईने टॉवेल बाजूला ठेवला आणि शिडीचा दांडा धरला.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "अजून उजेड आहे. आत्ताच धर."